कुंडीचा काठ

टबाला पोट आलं होतं. गच्चीच्या कोपऱ्यातला काळा प्लास्टिकचा टब, २० इंच तोंडाचा. दोन वर्षांपूर्वी आणला तेव्हा गोल होता, आता एका अंगाने फुगून लंबगोल झालेला. मी उन्हाला दोष दिला. सोलापुरात कशाचाही दोष उन्हाला देता येतो आणि मे महिन्यात पारा ४३ला टेकला की तो बहुतेक वेळा खराही असतो. पण यंदा संक्रांत झाली, गड्ड्याच्या जत्रेतली गर्दी ओसरू लागली आणि टबातली शेवटची पानं कडेने करपून पाण्यावर आडवी झाली, तेव्हा बाह्या सारून हात आत घातला. कोपरापर्यंत चिखलात गेले तरी बोटांना भिंत लागेना. भिंतीच्या आधी दुसरंच काहीतरी होतं : गुळगुळीत, गार, अंगठ्याएवढं जाड, मध्येच केळ्यासारखं फुगलेलं. ते भिंतीला चिकटून गोल फिरलं होतं. एक वेढा, त्याच्यावर दुसरा, खाली तिसरा. दोन वर्षं कमळ भिंतीला हात लावून चालत राहिलं होतं, कुठेतरी दार असेल म्हणून.

कमळ चालतं, हे मला फार उशिरा कळलं. फुलाकडे बघणाऱ्याला ते कळायचं नाही. फूल जागच्या जागी उमलतं आणि तीन-चार दिवसांत जागच्या जागी गळतं. चालणारा भाग चिखलात असतो. त्याला आपण मूळ म्हणतो, कंद म्हणतो, मंडईत कमळकाकडी म्हणतो. खरं तर ते आडवं वाढणारं खोड. उसासारखी पेरं, प्रत्येक पेराशी खाली मुळांचा झुबका, वर एक पान आणि दिवस चांगले असले तर पानाच्या बगलेला एक कळी. उन्हाळा-पावसाळा ते दोरीसारखं बारीक होऊन धावतं. थंडीची चाहूल लागली की धावणं थांबतं, शेवटची दोन-तीन पेरं फुगतात, पुढच्या वर्षाची शिदोरी त्यांत भरली जाते. मग मागचं सगळं हळूहळू कुजून जातं. म्हणजे जानेवारीत आपल्या हाताला जे लागतं ते आपण लावलेलं रोप नसतंच. ते केव्हाच संपलं. हाताला लागतो तो पुढे निघून आलेला शेंडा.

झाडं आणून देणाऱ्या माळीमामांना हाक मारली. त्यांनी टबात डोकावून बघितलं आणि माझ्या हातातली सुरी आधी काढून घेतली. “सुरी नंतर, वैनी. आधी माती सोडवा. आणि ह्याचं तोंड मोडायचं नाही. तोंड मोडलं की संपलं बघा.”

तोंड म्हणजे कंदाच्या टोकाचा कोंब. पिवळसर, टोकदार, बाळाच्या करंगळीएवढा आणि काकडीच्या देठाइतक्या सहज मोडणारा. पुढचं सगळं आयुष्य त्यात घडी घालून ठेवलेलं असतं. तो शोधायला सुरी उपयोगाची नाही, बोटंच लागतात. पाणी उपसायचं, टब आडवा करायचा आणि पाइपच्या बारीक धारेने चिखल धूत-धूत वेढे उलगडायचे. शेवया सुटत्या करताना लागतो तसा धीर लागतो. काळा, कुजका, पोचट भाग ओळखून बाजूला टाकायचा, पांढरा-पिवळा, टणक भाग घमेल्यात ठेवायचा. एका टबातून त्या दिवशी सात कंद निघाले. एकच लावला होता.

मग सुरी. कंद आडवा कापला की आत नळ्या दिसतात, गोल मांडलेल्या, रहाटगाडग्याच्या भोकांसारख्या. चिखलात हवा नसते. पानं वरून घेतलेली हवा याच नळ्यांतून खाली पोचते. कापलेल्या तोंडातून चिखलपाणी या नळ्यांत शिरलं तर कंद आतून सडतो. म्हणून पेराच्या गाठीवर कापायचं नाही, गाठ सोडून थोडं पलीकडे, दोन गाठींच्या मधोमध कापायचं. गाठ म्हणजे बंद दरवाजा. एका तुकड्याला निदान दोन गाठी आणि एक शाबूत तोंड हवं. लावताना कंद उभा रोवायचा नाही. काठालगत आडवा ठेवायचा, तोंड आतल्या बाजूला किंचित खाली, शेपूट जरासं वर. वरून चिखल हलक्या हाताने सारायचा. तरीही तो तरंगून वर येतो, कारण अंगात सगळी हवा. त्यावर मामांचा उपाय म्हणजे शहाबादी फरशीचा चपटा तुकडा. आमच्या गच्चीवर तसे तुकडे ढिगाने पडलेले असतात. पहिल्या फेरीला बोटभरच पाणी. नाण्याएवढी पानं आली की आणखी थोडं, पाण्यावर पसरणारी मोठी पानं आली की आणखी. पान देठावर उभं राहीपर्यंत खत दाखवायचंही नाही.

आणि माती आपलीच, काळी. बागेच्या दुकानात मिळणारी भुसभुशीत, नारळाच्या काथ्याची माती इथे कुचकामी : ती तरंगते, कुजते, पाण्याला वास मारते. कमळाला हवी चिकट, जड, अन्न धरून ठेवणारी माती. बेसाल्टच्या खडकापासून झालेली, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पडणारी जी माती शेतकऱ्याची परीक्षा पाहते, तीच कमळाला मानवते.

हे सगळं करताना मनात शब्द घोळत होता तो वाटणीचा. तो टाळता येत नाही. माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, ज्वारीच्या काळ्या रानातलं. तिथे वाटणी म्हटलं की पाठोपाठ बांध येतो, सातबारा येतो, दोन चुलत्यांमधला अबोला येतो. आजोबांच्या मागे चार हिस्से झाले. रान फुटलं, बैल विकले, भांडी मोजून घेतली. विहीर मात्र सामाईक राहिली. विहिरीचे चार तुकडे करणार कसे? मग पाळ्या लावल्या : आज थोरल्यांची, उद्या आमची. जमिनीची वाटणी होते, पाण्याची पाळी लागते. मराठीने हे दोन शब्द वेगळे ठेवले, यात मला फार शहाणपण दिसतं. बांध घालायला माणूस बसलेला आहे, पण पाण्यात रेघ ओढता येत नाही. तिथे काळाची रेघ ओढावी लागते.

कमळ या दोन्हींत राहतं. माती वाटली जाते, पाणी पाळीने येतं. सोलापुरात हे वेगळं सांगावं लागत नाही. उजनीहून शंभरावर किलोमीटर नळातून येणारं पाणी आमच्याकडे रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी घरोघर पिंप, टाक्या, हंडे, कळशा भरतात आणि आदल्या पाळीचं उरलेलं पाणी ‘शिळं’ म्हणून ओतून देतात. पाणी शिळं होतं हे विज्ञानाला मान्य नसेल. आमच्या सासूबाईंना आहे. त्यांचं ओतलेलं शिळं पाणी मी कमळाला घालते. चार दिवस उघडं राहिल्याने त्यातला क्लोरीन उडालेला असतो, झाडाला तेच बरं. पाहुणे विचारतात, पाण्याची अशी अडचण आणि तुम्ही टबात कमळं लावता? लावते. शिळं पाणी कुठेतरी जायचंच असतं. डासांचं म्हणाल तर प्रत्येक टबात गप्पी मासे आहेत आणि ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणत आरोग्य खात्याची माणसं दारी आली की मी त्यांना गच्चीवर नेऊन ते दाखवते.

तर वाटणी. सातवा कंद धुताना माझ्या लक्षात आलं, की कमळाला वाटणी नकोच असते. तळ्यातल्या कमळाचे हिस्से कुणी करत नाही. ते पुढे चालत राहतं, मागचं कुजतं, मधला दुवा तुटतो आणि एकाची दहा झाडं कुणाच्याही सहीशिवाय होतात. तिथे कुणी थोरला नाही, कुणी धाकटा नाही, कारण मूळचं असं काही उरतच नाही. वाटणी लागते ती टबातल्या कमळाला, कारण टबाला काठ आहे. तो काठ मी घातला. चालणाऱ्या झाडाला गोल भिंत घालून मी म्हटलं, इथेच चाल. ते चाललं, स्वतःच्याच अंगावर चढलं, फुलं धरेनासं झालं. दर दोन वर्षांनी सुरी घेऊन बसायचं ते झाडाची गरज म्हणून नाही, काठ घातल्याचं भाडं म्हणून. झाडांच्या पुस्तकांत हे काम झाडावरचा उपकार म्हणून सांगतात तेव्हा मला जरा हसू येतं.

पण मग तळ्याला तरी काठ नसतो का?

आमच्या गावाचं तळं खणलेलं आहे. बाराव्या शतकात, गावाचं नाव सोन्नलिगे होतं तेव्हा, सिद्धरामेश्वरांनी ते लोकांना हाताशी धरून खणलं. आज त्या सिद्धेश्वर तलावाच्या मधोमध त्यांचं देऊळ आणि समाधी आहे आणि एका अंगाला भुईकोट किल्ला. तो किल्ला पुढे चांदबिबीच्या लग्नात आंदण म्हणून निजामशाहीतून आदिलशाहीत गेला. राघवांकाने कन्नडमध्ये सिद्धरामांचं चरित्र काव्यात लिहिलं, आणि ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात शरणसंत अल्लमप्रभू सोन्नलिग्याला आले तेव्हाची गोष्ट आहे. तळ्याचं काम चालू होतं. अल्लमांनी खणणाऱ्या मजुरांना विचारलं, तुमचा तो वड्डर राम कुठे आहे? वड्डर म्हणजे माती-दगडाचं काम करणारा. आपल्या गुरूला असं म्हटलेलं ऐकून मजुरांनी अल्लमांवर दगड भिरकावले. पुढे सिद्धराम समोर आले, दोघांचा संवाद झाला आणि त्याचा रोख असा : बाहेरचं तळं खणण्यात गुंतलास, आतलं राहिलं. सिद्धराम मग कल्याणला गेले, बसवण्णांच्या शरणमंडळात मिसळले, ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रेने वचनं लिहू लागले.

अल्लमांपुढे माझी काय प्राज्ञा. पण ही गोष्ट जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा माझं मन त्या दगड मारणाऱ्या मजुरांकडे ओढ घेतं. वर्षाला पाच-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात ज्याने तळं खणलं, त्याला वड्डर म्हणणं ही शिवी होऊच शकत नाही. ती पदवी आहे. गोष्ट सांगणाऱ्यांनाही हे आतून माहीत असावं, कारण आठशे वर्षांनी गाव जमतं ते तळ्याच्याच काठावर. संक्रांतीच्या सुमाराला पांढऱ्या बाराबंदीतले भक्त सात नंदीध्वज खांद्या-कमरेवर तोलत अडुसष्ट लिंगांना फिरवून आणतात आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. लग्न कुणाचं? कुंभाराच्या मुलीने सिद्धरामांशीच लग्न करीन म्हणून हट्ट धरला, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला संमती दिली, ते हे लग्न. लहानपणापासून अक्षता टाकत आले, पण वधू कुंभाराचीच का, हा प्रश्न मला या वर्षी टब धुताना पडला. कुंभार माती आणतो कुठून? तळ्याच्या बुडाशी बसलेल्या गाळातून. जो तळं खणतो त्याने काढलेल्या चिखलाचं मडकं होतं. तळं आणि कुंडी हे तसे सख्खे सोयरे. हा अर्थ माझा. परंपरेने त्याची जबाबदारी घेऊ नये.

तळ्याला काठ असतो, तर त्यालाही भाडं पडतं. प्रत्येक तळं आपल्या मरणाकडे चाललेलं असतं : ओढे माती आणून टाकतात, पानं कुजून थर चढतात, पाणी उथळ होतं, लव्हाळे येतात, शेवटी कुरण होतं. कमळ हे काम लांबवत नाही, उलट घाई करतं. दरवर्षीचा तो एवढा पालापाचोळा जाणार कुठे? खणलेल्या तळ्यात हे होऊ द्यायचं नसेल तर गाळ काढावा लागतो. २०१७ साली महाराष्ट्रात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ नावाची सरकारी योजना निघाली. आटलेल्या तलावातला गाळ ट्रॅक्टर भरभरून शेतकऱ्यांनी रानात नेऊन पसरायचा. नाव जरा यमकबाज आहे, पण कल्पना जुनी आणि पक्की. मला तर ती अख्ख्या तळ्याची कुंडी बदलण्यासारखी वाटते. माझ्या टबातही असाच गाळ आहे, ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याकडून मागून घेतलेला दोन पोती. कुण्या रानातून वाहून तळ्यात गेलेली माती पुन्हा बाहेर आली आणि तीन जिने चढून माझ्या गच्चीवर पोचली.

काठच नसला तर काय होतं तेही याच गावात पाहायला मिळतं. विजापूर रस्त्यावरच्या कंबर तलावावर, म्हणजे आताच्या धर्मवीर संभाजी तलावावर, जलपर्णी पसरते, महापालिका ती काढते, ती पुन्हा पसरते. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती जगभर गेली ती फुलासाठी, बागांमधून. तिचं जांभळं फूल आहेच देखणं, मराठीने नावही प्रेमाने ठेवलं. तिला सुरी लागत नाही. धुमारे फेकून ती स्वतःच स्वतःची वाटणी करते आणि हवा मानवली की दोन आठवड्यांत दुप्पट होते. चित्रकार मोने १८९३ साली जिव्हर्नीला कुमुदांचं तळं करायला निघाला तेव्हा गावकऱ्यांनी हरकत घेतली होती, की ही परदेशी झाडं ओढ्याचं पाणी नासवतील. चित्रकलेच्या पुस्तकांत त्या गावकऱ्यांना अडाणी ठरवतात. कंबर तलावाच्या काठावर उभं राहिलं की ते तितकेसे अडाणी वाटत नाहीत. मोनेचं तळं नासलं नाही, कारण त्याने निव्वळ त्या तळ्यासाठी एक माळी ठेवला होता.

मोनेची ती फुलं कमळं नव्हेत, हेही सांगायला हवं. ती कुमुदं, आपण ज्यांना वॉटर लिली म्हणतो. फ्रान्सच्या नैऋत्येला लातूर-मार्लियाक नावाच्या रोपवाटिकावाल्याने थंडीत टिकणाऱ्या कुमुदांचे रंगीत संकर केले, १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले, आणि मोनेने रोपं मागवली ती त्याच्याकडून. माझ्याकडे कुमुदाचेही दोन टब आहेत. त्याची वाटणी सोपी : कंद आल्याच्या गड्ड्यासारखा, त्याला डोळे असतात, डोळा बघून तुकडा करायचा, मागचं काळं लाकूड फेकून द्यायचं. निळ्या कुमुदाच्या काही जाती तर याहून पुढे गेलेल्या. त्यांच्या पानाच्या मध्यावर, देठ जुळतो तिथे, पिल्लू फुटतं. पान सुटून तरंगत गेलं की पिल्लू नव्या जागी रुजतं.

कमळ आणि कुमुद एकाच घरातले, असं आपण आणि वनस्पतिशास्त्रज्ञ दोघंही फार काळ धरून चाललो. मग गेल्या शतकाच्या अखेरीला जनुकांचे ताळे जुळवून पाहिले आणि कुळांची फेरवाटणी झाली. कुमुद फुलझाडांच्या अगदी जुन्या फांदीवर राहिलं आणि कमळ तिथून उचलून चिनाराच्या शेजारी ठेवावं लागलं. चिनार म्हणजे काश्मीरचा तो थोराड वृक्ष. पाण्यात शेजारी राहणारे दोघं एकमेकांचे कुणी नव्हेत, आणि कमळाचा भाऊबंद डोंगरात कोरड्या पायांनी उभा. आपली नावं या बाबतीत आणखी बेफिकीर आहेत. कृष्णकमळ म्हणतो तो अमेरिकेतून आलेला वेल. अंगणात रात्री उमलणारं ब्रह्मकमळ हे मेक्सिकोकडचं निवडुंग. आणि हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ झेंडू-शेवंतीच्या कुळातलं. आवडलं की कमळ म्हणायचं, इतकं सोपं आहे ते.

अमरकोश या बाबतीत काटेकोर. वारिवर्गात कमळाची नावं ओळीने येतात, आणि त्याची फुलंच नव्हेत तर चिखलातले अवयवही नावानिशी नोंदले आहेत : बिस, मृणाल आणि करहाट. करहाट म्हणजे कमळाचा कंद. कराडचं जुनं नाव करहाटक. शब्दांचा हा सांधा पाहून पुढे गोष्ट रचायचा मोह होतो, तो आवरते. फुलाच्या नावांत ‘तामरस’ हेही एक. सोलापुरात राहणाऱ्याचे कान तिथे टवकारतात, कारण आमच्या गल्लीत कन्नड बोलणाऱ्या आजी कमळाला तावरे म्हणतात आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरांत ते तामर असतं. शब्दालाही कंद असतो, तो कुठून निघून कुठे वर आला हे पानावरून सांगता येत नाही.

पूर्व भाग म्हणजे विणकरांचा भाग. तेलंगणातून आलेली पद्मशाली माणसं, हातमाग, मग यंत्रमाग, सोलापुरी चादर, टॉवेल. जातीच्या नावातच पद्म आहे. त्यांची कथा अशी, की मार्कंडेय ऋषींच्या कुळातल्या भावनाऋषींनी देवांसाठी पहिलं वस्त्र विणलं, आणि त्याला सूत घेतलं विष्णूच्या नाभिकमळातलं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा मिरवणुकीत हातमागही असतो. ही कथा मी अनेकदा ऐकली होती आणि कथा म्हणूनच ऐकली होती. त्या दिवशी एक कंद सुरीने न कापता हाताने मोडून पाहिला. दोन तुकडे झाले, मी ते वेगळे धरले, आणि मधून धागे निघाले. कोळ्याच्या जाळ्याहून बारीक, पांढरे, चमकणारे. हात लांब नेले तसे तेही लांबले. वीतभर झाले तरी तुटेनात. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांना आतून स्प्रिंगसारखे वेटोळ्यांचे अस्तर असते, मोडताना ते उलगडते, एवढीच त्यामागची मेख. चीनमध्ये यावर म्हणच आहे : कंद तुटला तरी धागे तुटत नाहीत. ती दुरावलेल्या प्रेमिकांसाठी वापरतात. म्यानमारमध्ये इन्ले सरोवराकाठच्या गावांत बायका देठ मोडून हेच धागे ओढतात, ओल्या हाताने वळतात आणि त्याचं कापड विणतात. एका वस्त्राला हजारो देठ लागतात. ते बहुधा बुद्धमूर्तीला पांघरायला जातं. म्हणजे सूत निघतं. विणता येतं. ज्याने कुणी ती कथा पहिल्यांदा सांगितली त्याने कधीतरी चिखलात बसून कमळ मोडलेलं होतं.

बियांचं सांगायचं राहिलं. पूजेच्या दुकानात कमळगट्ट्याची माळ मिळते, तो मणी म्हणजे बी. कवच इतकं कठीण की फरशीवर घासून पातळ केल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. जपानमध्ये ओगा नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना १९५१ साली चिबा इथे जमिनीखालच्या थरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं बी सापडलं. ते त्यांनी रुजवलं आणि पुढच्या वर्षी त्याला फूल आलं. बी थांबून टिकतं, कंद चालून टिकतो. शिवाय बियांतून येणारं झाड आईसारखंच निघेल याची खात्री नाही. कंदातून येतं ते तेच झाड, तोच रंग, तितक्याच पाकळ्या. म्हणून आवडतं कमळ कुणाला द्यायचं तर कंद द्यावा लागतो.

आणि द्यायचा मुहूर्तही आपसूक जुळून येतो. कमळाचे कंद काढायचे दिवस संक्रांतीनंतरचे, पानं झोपल्यावर आणि ऊन तापायच्या आधी. हळदीकुंकवाचे दिवसही संक्रांत ते रथसप्तमी. त्या दिवसांत सवाष्णी एकमेकींना वाण देतात : प्लास्टिकचे डबे, चहाची गाळणी, स्टीलच्या वाट्या, गेली काही वर्षं कापडी पिशव्या. मराठीत बियाण्याच्या जातीलाही वाणच म्हणतात. या वर्षी मी पाच कंद ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर हळदीचं बोट लावून वाण म्हणून लुटले. एकीने ते देवापुढे ठेवले. एकीने विचारलं, हे फ्रीजमध्ये ठेवायचं का? शेजारच्या काकूंनी जुन्या पाण्याच्या टाकीचा वरचा भाग कापून आणला आणि त्याच संध्याकाळी लावून टाकलं. त्यांच्या टाकीला काठ माझ्या टबाच्या दुपटीचा आहे. त्यांची सुरी दोन-तीन वर्षं उशिरा निघेल.

सहावा कंद मी पुन्हा आमच्याच टबात ठेवला, पोट आलेल्या त्याच टबात. वर शहाबादीचा तुकडा.

सातव्याचं तोंड मोडलं. मामा गेल्यावर, घमेलं उचलताना, माझ्याच हाताने. टिचकी मारल्यासारखा आवाज आला. मी तो बराच वेळ हातात धरून बसले होते. सासूबाई वर आल्या, तो माझ्या हातातून घेतला, स्वयंपाकघरात नेऊन धुतला, बारीक काडीने एकेका भोकातला चिखल काढला, पातळ चकत्या केल्या आणि तव्यावर तेलात कुरकुरीत परतल्या. वर मीठ आणि शेंगाचटणी. कडक भाकरीबरोबर ताटात आल्या तेव्हा लेकीने एक चकती दाताखाली धरून ओढली. धागा ओठापासून ताटापर्यंत लांबला. ती म्हणाली, “आजी, ह्याला केस आहेत.”